सोळा-साडेसोळात ब्रॉडगेज बसत नाही

काही जण सांगतात, मॉडेल रेल्वे करायची तर एचओ मापाचे तयार रूळ आणायचे, त्यावर आपले भारतीय डबे ठेवायचे, झालं. झालं कसलं! एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल. त्या मापाने त्याचा १६.५ मिमी गेजचा (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा) रूळ होतो खऱ्या १४३५ मिमीचा, म्हणजे युरोप-अमेरिकेतला. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागून बघा, सव्वाएकोणीस मिमी येतात. म्हणून आपलं डब्ल्यूडीएम डिझेल इंजिन त्या रुळांवर ठेवलं की धिप्पाड पैलवान चिमुकल्या पाटावर बसल्यासारखा दिसतो. लांबून खपून जातं म्हणा, पण समोरून फोटो काढला की चोरी पकडली जाते.

गंमत म्हणजे छोट्या गेजांना ही अडचण नाही. मीटरगेजला (१००० मिमी) १२ मिमीचा रूळ जवळपास बरोबर बसतो, आणि ७६२ मिमीच्या बार्शी लाईटला (मिरज-पंढरपूरकडच्या जुन्या छोट्या रेल्वेला) ९ मिमीचा. म्हणून मी कोल्हापूरचा असूनही मॉडेल करतोय ते मिरजेचं. लहानपणी वडिलांबरोबर मिरजेला गाडी बदलायला उतरलो की मी चहा-भज्यांऐवजी रूळच बघत बसायचो: एकाच स्टेशनात तिन्ही गेज! पंढरपूरकडची छोटी गाडी हलेपर्यंत मी जागचा हलायचो नाही, त्यापायी एकदा आमची कोल्हापूरची गाडी चुकली आणि बाबांचा धपाटा मिळाला. आता ब्रॉडगेजची लाईन तेवढी हाताने टाकतोय. रोज वीतभर, तीही वाकडी.