'मूळ संख्या' म्हणजे नक्की कोणती?

शब्दखोर: कोड्यांच्या अनुवादात अडकलोय. वाक्य असं: '१२३४५६७८९ उलट क्रमाने लिहा. आता मूळ संख्येचे मूळ अवयव पाडा.' मुद्रितशोधकाचा शेरा: 'मूळ संख्येचे अवयव काय पाडायचे?' पहिलं 'मूळ' म्हणजे आधीची, दुसरं गणितातलं: १ आणि स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग न जाणारी. 'अविभाज्य' चालेल?

बाकीशून्य: नको. 'अविभाज्य घटक' म्हटलं की वेगळाच अर्थ डोक्यात येतो. शिवाय १ हाही अविभाज्यच, पण मूळ नाही. 'दिलेली संख्या' लिहा.

तिरकस: ही पळवाट झाली. अंकांची अदलाबदल करायच्या शाब्दिक उदाहरणांत 'मूळ संख्या' म्हणजे आधीचीच. संदर्भाने कळतं.

बाकीशून्य: १३ उलटून ३१. दोन्ही मूळ. आता सांगा संदर्भ.

तिरकस: इथे तो प्रश्नच नाही. १ ते ९ कुठल्याही क्रमाने मांडा, बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जाणारच.

शब्दखोर: अवयव मात्र पडत नाहीयेत. ९ ने भागून १३७१७४२१ उरले. हजारापर्यंतच्या मूळ संख्या लावून झाल्या.

बाकीशून्य: वर्गमूळ ३७०३ च्या पुढे आहे, हजाराला थांबून कसं चालेल? फर्माची रीत घ्या: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची, मग त्या दोन पायांची वजाबाकी आणि बेरीज हे अवयव. ३७०४ च्या वर्गातून ही संख्या वजा करा: २१९५, पूर्ण वर्ग नाही. ३७०५ चा वर्ग १३७२७०२५, वजाबाकी ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८: ३६०७ व ३८०३. दोन्ही मूळ. इतक्या लवकर सुटलं कारण अवयव जवळजवळ आहेत. लांब असते तर हीच रीत रडवते.

गुणाकार: म्हणजे ३ × ३ × ३६०७ × ३८०३, एकूण भाजक १२.

तिरकस: विभाजक म्हणा. ९८७६५४३२१ ला १२३४५६७८९ ने भागा: भागाकार ८, बाकी ९. इथे १२३४५६७८९ भाजक आहे, विभाजक नाही. त्या ९ नेच भाजकाला पूर्ण भाग जातो, म्हणून दोघांचा मसावि ९.

गुणाकार: 'वि' लावला की बाकी शून्य, ही शाळेतली सोय. बोलताना कोण पाळतं?

तिरकस: म्हणूनच मूळ संख्येसाठी हिंदीतलं 'अभाज्य' मराठीत लंगडं पडतं. भाज्य म्हणजे जिला भागायचं ती. भागायला तर ७ लाही भागता येतं, बाकी उरेल इतकंच.

बाकीशून्य: नवे शब्द पाडावेत तर देवळालीचे गणिती कापरेकर यांच्यासारखे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी ती हर्षद. ४५ ने १२३४५६७८९ ला भाग जात नाही, शेवटी ९ आहे. म्हणजे ही हर्षद नव्हे.

गुणाकार: 'हर्षद' संस्कृतच की. मराठी शब्द कुठे पाडला?

शब्दखोर: पण छापायला काय देऊ? आकडे उलटायचं वाक्य तसंच ठेवू?

तिरकस: आकडे नाही, अंक. आकडा लावतात.

गुणाकार: पावकीचे आकडे पाठ करायचे ते काय मटक्याचे?