व्हिडिओ गेमची जुनी कपाटं माडीवर चढवायची आहेत, ट्रॉली कोणती घ्यावी?

आर्वीवाला
नमस्कार मंडळी. व्हिडिओ गेमची दोन उभी कपाटं तळमजल्यावरून माडीवर न्यायची आहेत. पिक्चर ट्यूबची, २५ इंची स्क्रीन, भुशाच्या बोर्डाची. उंची १७८ सेंमी, रुंदी ६५, कंट्रोल पॅनल धरून खोली ८०. एक कपाट धान्याच्या काट्यावर ठेवून पाहिलं, १२५ किलो भरलं.

जिना सिमेंटचा, वर शहाबादी फरशी. ९ पायऱ्या, मग लँडिंग, तिथून उलट वळून आणखी ९. पायरीची उंची १९ सेंमी, पाय ठेवायची जागा २५, जिन्याची रुंदी ९०. लँडिंग ९० बाय १९०, डोक्यावर २३० सेंमी मोकळं.

तीन पर्याय समोर आहेत. ऑनलाइन मिळणारी तीन-तीन चाकांची जिना चढणारी ट्रॉली, तिच्यावर १५० किलो लिहिलंय. दुसरा, कापसाच्या जिनिंगमधली रुईच्या गाठी ओढायची दोनचाकी गाडी मागून आणायची. तिसरा, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्यायची. चार गडी मिळतील. काय करावं?

फॅब्रिकेटर_यवतमाळ
भाऊ, तुम्ही जिना मोजून मग विचारलंत हे फार बरं केलं. बरेच जण ट्रॉली आधी घेतात आणि मग पायरीला लावून पाहतात.

तीन चाकं चांदणीसारखी जोडलेल्या ट्रॉलीवरचा १५० किलोचा आकडा सपाट जमिनीचा असतो. जिन्यावर चांदणी फिरते तेव्हा मधला क्षणभर एका बाजूचा सगळा भार एकाच चाकावर येतो, आणि पुढचं चाक पायरीवर आदळतं. स्वस्त ट्रॉलीत तीन चाकं धरणारा मधला हब प्लॅस्टिकचा असतो, तिथेच तडा जातो. तुमच्या पायरीसाठी आणखी एक अडचण आहे, ती टेपने मोजता येते. खालचं चाक पायरीच्या उभ्या बाजूला टेकलेलं असताना पुढच्या चाकाचा मध्य १९ सेंमी वर आणि पायरीच्या कडेच्या आत पोचला पाहिजे. चाक १६ सेंमी व्यासाचं असेल, तर दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर किमान २१ सेंमी हवं. त्याहून कमी असेल तर पुढचं चाक कडेवरच अडतं आणि ट्रॉली मागे येते. जुन्या वाड्यातल्या २२-२५ सेंमीच्या उभ्या पायऱ्यांवर तर ही गाडी नेऊच नका.

तुम्हाला लागते ती फ्रिज-कपाटं वाहायची उंच दोनचाकी, पाठीला पायऱ्यांच्या कडांवरून सरकणाऱ्या लांब घसरपट्ट्या असलेली. गावात बनवायची तर माप असं सांगा:

उभे दोन पाइप सव्वा इंची, जाड भिंतीचे, उंची १५० सेंमी, दोघांत अंतर ४० सेंमी. आडवे चार, सगळे पाठीकडे किंचित वाकलेले नकोत, सरळ हवेत, कारण कपाटाची पाठ सपाट आहे. खालची पाटी ६ मिमी पत्र्याची, ४५ सेंमी रुंद, २५ सेंमी पुढे आलेली, खालून दोन तिरके आधार. आस २० मिमी भरीव सळईचा. चाकं २५ सेंमीची.

घसरपट्टी महत्त्वाची. तुमच्या जिन्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकं अंतर ३१.४ सेंमी आहे. ट्रॉली कायम किमान दोन कडांवर टेकलेली राहायची तर पट्टी ६३ सेंमीपेक्षा लांब हवी. ९५ धरा. तिच्यावर जुन्या रबरी बेल्टचे तुकडे लावा, फरशीला इजा होणार नाही.

गाठीवाला_हिंगणघाट
वरचं सगळं बरोबर, फक्त रबरी बेल्ट नका लावू. पट्टीला फिरणारे रोलर असतील आणि त्यांच्यावरून रबर फिरत असेल, तर ते उत्तमच. पण रबर पट्टीला पक्कं खिळलेलं असेल तर ते फरशीला धरून बसतं. हिशोब करून बघा. तुमचा जिना साधारण ३७ अंशांचा. हिशोबाला सोपं म्हणून ट्रॉलीसकट १०० किलो धरले तर निव्वळ उतारामुळे ६० किलोची ओढ लागते. नायलॉनची गुळगुळीत पट्टी असेल तर घर्षणाचे आणखी २० किलो. रबर असेल तर ते ५०-५५ पर्यंत जातात. म्हणजे ८० च्या जागी ११५. दोन गड्यांचं काम तीन गड्यांचं होतं आणि गाडी झटक्याने सुटते ते वेगळंच. रबर उतरवताना कामाचं, चढवताना नाही. १० मिमी नायलॉन शीट किंवा जाड पाण्याच्या टाकीचं प्लॅस्टिक कापून बुडवलेल्या स्क्रूने बसवा. स्क्रूचं डोकं वर राहिलं तर शहाबादीची कड उडाली समजा.

आणि पट्टीची पाठ चाकाच्या पाठीच्या रेषेत, किंवा अर्धा सेंमी बाहेर हवी. चाक बाहेर आलं तर ते प्रत्येक पायरीच्या खाचेत पडतं, मग घसरपट्टीचा उपयोग शून्य.

जिनिंगची गाडी आणू नका. रुईची गाठ १७० किलोच्या आसपास असते, म्हणून वजनाला ती गाडी खमकी आहे. पण ती बांधलेली असते ठेंगण्या गाठीसाठी. पाटी अरुंद, आडवे पाइप पोटाला वाकलेले, चाकं लोखंडी. १७८ सेंमीचं कपाट तिच्यावर छातीपर्यंतसुद्धा टेकत नाही, आणि लोखंडी चाक शहाबादीच्या कडेवर पडलं की टवका निघालाच.

टीव्ही_मेकॅनिक_वरुड
ट्रॉलीपेक्षा आधी कपाट हलकं करा. २५ इंची ट्यूब चौकटीसकट ३० ते ४० किलोची असते आणि ती नेमकी वरच्या अर्ध्यात, पुढच्या बाजूला बसलेली असते. म्हणून हे कपाट वरून जड असतं आणि कलंडायला बघतं. ट्यूब, वरची काच, बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, कॉइन बॉक्स आणि मागचं दार काढलं की १२५ चं ८० च्या घरात येतं.

ट्यूब काढण्याआधी प्लग काढा, आणि तरीही तिला चार्ज (साठलेली वीज) आहे असंच समजा. रंगीत ट्यूबवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात. काचेच्या मागून गेलेली उघडी, वेणीसारखी तार दिसेल. एक जाड वायर त्या तारेला क्लिपने लावा, दुसरं टोक लांब दांड्याच्या चपट्या पेचकसाला. पेचकसाचं टोक लाल वायरच्या रबरी टोपीखाली सरकवा, आतल्या धातूला टेकेपर्यंत. हे करताना दुसरा हात पाठीमागे. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा, कारण चार्ज थोडा परत जमतो. बोर्डाच्या अर्थला किंवा कुठल्याही लोखंडाला टेकवू नका, चेसिस (ट्यूब चालवणारा सर्किट बोर्ड) जळते. हे काम पूर्वी हाताने केलेलं नसेल तर गावातल्या टीव्ही मेकॅनिकला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

काढलेली ट्यूब काचेचं तोंड खाली करून जाड गादीवर ठेवा. मागची बारीक मान कधीही धरायची नाही. मान तडकली की हवा आत शिरते आणि ट्यूब गेली.

आर्वीवाला
मोठा उपकार. आता लँडिंगची काळजी आहे. ९० सेंमीत हे कपाट फिरेल का? आणि दोर बांधायचा तर कुठे?

फॅब्रिकेटर_यवतमाळ
रबराचं गाठीवाला भाऊ म्हणतात तेच करा, मी चुकीचं सुचवलं होतं.

लँडिंगचं गणित सांगतो. तिरपं ठेवून वळवता येणार नाही. ४५ अंशांत कपाट जमिनीवर जवळपास १८० सेंमी जागा खातं. उभंच करावं लागेल. उभं करताना बाजूचा कर्ण वर येतो, १७८ आणि ८० चा कर्ण १९५ सेंमी. तुमच्याकडे २३० मोकळं आहे, म्हणजे पंख्याचा हुक वगैरे नसेल तर जातं.

आता जागेवर फिरवणं. ६५ बाय ८० चा कर्ण १०३, तुमचं लँडिंग ९०. अडणार. कंट्रोल पॅनल काढलं तर खोली ६५ पर्यंत येते, कर्ण ९२. दोन सेंमी अजून जास्तच आहेत, पण तळाची कड लँडिंगवर ठेवून वरचा कोपरा किंचित झुकवला तर जमतं. पॅनल आतून दोन कड्या आणि काही बोल्टांवर असतं. कंट्रोलच्या वायरीला चिठ्ठ्या लावून मग सोडा. ट्रॉली लँडिंगवर येताच कपाटाखालून काढा, कपाट हाताने फिरवा, मग ट्रॉली पुन्हा लावा. ट्रॉलीसकट फिरवायला गेलात तर तिच्या पाइपांची आणि चाकांची जागा आणखी लागते.

गाठीवाला_हिंगणघाट
दोर वरच्या मजल्याच्या सिमेंटच्या खांबाला. जिन्याच्या कठड्याला नाही, पाइपच्या रेलिंगला तर मुळीच नाही. दोर ट्रॉलीच्या खालच्या आसाजवळ बांधा आणि खांबाला पूर्ण दोन वेढे घ्या. दोन वेढ्यांवर उतरणारा १०० किलोचा माल एक माणूस एका हाताने अडवतो. हा दोर ओढायचा नाही, गाडी जसजशी वर येईल तसतसा ढिला झालेला भाग फक्त आत घ्यायचा. दोर सुती किंवा तागाचा, बोटाएवढा जाड. प्लॅस्टिकचा दोर खांबावर घसरतो आणि घासून वितळतो. नायलॉनचा ताणला जातो, मग झटका बसतो.

माणसं: दोघं वरून ओढणारे, एक दोरावर, एक खाली. खालचा सरळ मागे नको, भिंतीकडे आडवा उभा राहून पाटीला हात लावेल. आवाज फक्त एकाने द्यायचा.

पायरीवर पोतं टाकू नका. बारदाना फळीवर चांगला घसरतो, पण जिन्यावर तो पायाखालीही घसरतो.

शेवटच्या पायरीवर गाडी उचलून उभी करायची घाई करू नका. अर्धा भार कडेपलीकडे गेला की ती आपोआप पुढे झुकते. तिथे वरच्या दोघांनी दांड्या खाली धरून चाकं पूर्ण फरशीवर येईपर्यंत सरळ ओढत राहायचं.

टीव्ही_मेकॅनिक_वरुड
बांधण्याबद्दल एक राहिलं. कपाटाची पाठ ट्रॉलीकडे. पाठ वर आत गेलेली असते, त्या पोकळीत लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर कपाट मागे रेलतं आणि पट्टा ढिला होतो. खालचा रॅचेट पट्टा (दात्यांच्या कळीने आवळायचा) कॉइन दाराच्या वरच्या कडेला. वरचा पट्टा उघड्या स्क्रीनच्या जागेवरून जातो, तिथे ७० सेंमीची फळी दोन्ही बाजूच्या कडांवर आडवी ठेवा, खाली गोधडी, आणि पट्टा फळीवरून न्या. थेट आवळला तर बाजूचे बोर्ड आत दबतात आणि कडेची प्लॅस्टिक पट्टी निघते.

तळाचे स्क्रूचे पाय आधी काढा. ते पायरीच्या कडेत अडकले की भुशाच्या बोर्डातून मुळासकट उपटून येतात. बोर्डाला ओल लागलेली असेल, तळ बोटाने दाबला की भुसा पडत असेल, तर १२ मिमी प्लायचा तुकडा खालून स्क्रूने लावूनच पाटीवर घ्या. आणि पाऊस लागण्याआधी उरकवा, ओल्या शहाबादीवर गड्यांचा पाय टिकत नाही.

आर्वीवाला
नायलॉन शीट १० मिमीची आर्वीत मिळेना. ६ ची चालेल का?

गाठीवाला_हिंगणघाट
चालेल, पण ६ मध्ये स्क्रूचं डोकं पुरेसं बुडत नाही. खालून पट्टीला भोक पाडून मागून नटाने धरा, किंवा ६ चे दोन थर एकावर एक. दोन कपाटांसाठी झीज होणार नाही. १० चीच हवी असेल तर नागपूरला इतवारीत विचारा.