परवाना राज आणि १९५७ सालची गंगाजळी

अनेकदा म्हटलं जातं की नेहरू रशियाला भुलले आणि १९५५ साली काँग्रेसच्या आवडी अधिवेशनात समाजवादी ठराव करून त्यांनी परवाना राज (म्हणजे कारखाना काढायला, माल आयात करायला सरकारी परवाना लागण्याची पद्धत) लादलं. ठराव झाला हे कबूल, पण परवाने त्याआधीचे. आयात नियंत्रण इंग्रजांनीच १९४० मध्ये युद्धापायी आणलं होतं, आणि उद्योगांच्या परवान्यांचा कायदा १९५१ चा.

या वादात १९५७ चा विषय कोणी काढतच नाही. १९५६ मध्ये दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली, सरकारी क्षेत्राचा खर्च ४,८०० कोटी. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर हे तिन्ही पोलाद कारखाने एकदमच काढले. (पहिला रशियाच्या मदतीचा, दुसरा पश्चिम जर्मनीच्या, तिसरा ब्रिटनच्या; भुलायचंच तर तिघांनाही भुलले म्हणायचं!) यंत्रं बाहेरून, वर धान्यही बाहेरून. खाजगी कारखानदारांनाही तोवर आयात परवाने सढळ हाताने मिळत होते. युद्धकाळात इंग्लंडकडे साठलेली स्टर्लिंगची (ब्रिटिश पौंडांची) गंगाजळी भराभर आटली, आणि मग १९५७ मध्ये सरकारने आयातीवरचा फास आवळला. पुढे साधा सुटा भाग मागवायचा तरी 'हा देशात बनत नाही' असं पटवून द्यावं लागे. ज्याला परवाना मिळाला त्याला स्पर्धाच उरली नाही, त्यामुळे नियंत्रणाविरुद्ध ओरडणारे कारखानदार आतून खूशच होते. माझ्या मते खरी चूक निर्यातीकडे केलेल्या दुर्लक्षाची. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे आयात निर्बंध तर पुरते उठायला २००१ उजाडलं.