मदत हवी आहे: बेसबॉलच्या पिचचा क्रम, कमीत कमी कोडमध्ये

नमस्कार मंडळी. पायथनमध्ये एका फलंदाजाला पडणाऱ्या पिचचा (टाकलेल्या चेंडूंचा) रँडम क्रम छापायचाय, कोड होईल तितका आखूड. ४ बॉल (टप्प्याबाहेरचे, फलंदाजाने सोडलेले चेंडू) झाले की वॉक (फुकटात पहिला बेस), ३ स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) झाले की बाद, इथपर्यंत जमलं. घोडं अडलंय फाउलपाशी (रेषेबाहेर गेलेला फटका). २ स्ट्राइक होईपर्यंत फाउल म्हणजे स्ट्राइकच, त्यानंतरचा मात्र मोजायचा नाही (बंट, म्हणजे बॅट न फिरवता नुसता टेकवलेला फटका, मी धरलेलाच नाही). काल ‘स्ट्राइक, फाउल, फाउल’वर माझ्या कोडने गडी बाद केला! इफ-एल्सने चूक सुटते, पण ३ ओळींच्या ६ होतात, ते मनाला पटत नाही. ‘स्ट्राइक २ पेक्षा कमी’ या तुलनेचं उत्तर पायथन बेरजेत ० किंवा १ धरतो. तेवढ्यावर भागेल का? कुणी करून पाहिलंय?