घर विकायचं असेल तर आधी बाग नीट करावी का? भाव खरंच वाढतो का?

सेलूकर
मंडळी, या विषयावर घरात आणि पानटपरीवर भरपूर वाद घालून झाला, आता इथं मांडतो. माझं ठाम मत आहे की आपल्या विदर्भात, त्यातही तालुक्याच्या गावात, घर विकायचं असेल तर रंगरंगोटीत पैसा घालण्याआधी समोरचं आंगण आणि मागची सांदवाडी, म्हणजे परसबाग, नीट करा, भाव चांगला येतो.

आमच्या इथं मागच्या उन्हाळ्यात एकाच लेआऊटमधली दोन घरं विकायला निघाली. प्लॉट सारखाच, मिस्त्री एकच, रस्ताही तोच. एकानं नवा कलर मारला, गेट बदललं, पण आवारात बांधकामाची उरलेली गिट्टी, सळाखीचे तुकडे आणि गाजरगवत तसंच. दुसऱ्याच्या भिंतीचा रंग उडालेला, पण पश्चिमेच्या बाजूनं कडुलिंब, न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू, दारात मोगरा, झाडांच्या बुडाशी कुटाराचा, म्हणजे पिकाच्या भुशाचा, जाड थर. हे दुसरं घर आधी गेलं आणि भावातही पुढं राहिलं. लोक म्हणतात योगायोग आहे, मला नाही वाटत. पारा 45 च्या वर असताना ज्या आवारात हिरवं दिसतं तिथं पाणी आहे हे गिऱ्हाइकाला कोणी सांगावं लागत नाही. आपल्याकडं घर पाहायला आलेला माणूस पहिलं काय विचारतो, बोअर किती फूट आणि उन्हाळ्यात टिकते का. मालक टिकते असंच म्हणणार, दुसरं काय म्हणेल. मे महिन्यात मोगऱ्याची पानं ताजी दिसली की गिऱ्हाइकाला त्याचं उत्तर मिळून जातं. म्हणून म्हणतो, आपल्याकडं बागेची किंमत ही पाण्याची किंमत आहे.

इस्टिमेटवाला
सेलूकर भाऊ, पटलं नाही. मी बँकांसाठी घराचं मूल्यांकन करतो, तर कागदावर काय होतं ते सांगतो. जमिनीचा चालू दर गुणिले क्षेत्रफळ, त्यात बांधकामाची किंमत, त्यातून घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा. बोअर, कंपाउंड वॉल, फरशी यांचे थोडे पैसे वेगळे धरतो. बऱ्याच सरकारी बँकांच्या फॉर्ममधे शेवटाकडं ‘झाडे व बागकाम’ असा रकाना असतो, पण तिथं बहुतेक वेळा शून्य नाहीतर किरकोळ रक्कम पडते, कारण उद्या कर्ज थकलं आणि बँकेनं घर लिलावात काढलं तर तोवर बाग वाळून गेलेली असणार. रेडी रेकनरमधे, म्हणजे सरकारी दराच्या तक्त्यात, तर मोगऱ्याचा प्रश्नच नाही. म्हणजे बागेपायी तुम्ही जो जास्त भाव मागाल त्यावर गिऱ्हाइकाला लोन मिळणार नाही, तो पैसा त्याला खिशातून काढावा लागेल, आणि नोकरदार माणूस तिथंच अडतो. रंगाचं म्हणाल तर रंगाचेही पैसे आम्ही धरत नाही, ते तुमचं बरोबर आहे.

सांदवाडी
दादा, बँकेची किंमत आणि सौद्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. घर पाहायला जोडपं येतं तेव्हा नवरा स्लॅब ठोकून बघतो आणि बायको मागच्या दारानं बाहेर जाते, कपडे कुठं वाळतील, धुणं कुठं होईल, सावली कुठं पडते, कढीपत्ता आहे का. तिथं तिचं मन बसलं की घासाघीस कमी होते, हे मी आमच्या शेजारीपाजारी पाहिलंय.

आणि झाडाला किंमत नाही असं सरकार तरी कुठं म्हणतं? जमीन संपादनाच्या 2013 च्या कायद्यात जमिनीवरच्या झाडांची किंमत तज्ज्ञाकडून वेगळी काढायची तरतूद आहे. समृद्धी महामार्ग आपल्या नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाण्यातून गेला तेव्हा लोकांनी आपापल्या झाडांची मोजणी करून घेतलीच ना. मग घरामागचं भरात आलेलं लिंबाचं झाड फुकट कसं धरायचं? एक लिंबू चांगलं फळावर यायला चार-पाच वर्षं जातात, तेवढी वर्षं त्या गिऱ्हाइकाची वाचतात.

इस्टिमेटवाला
ताई, संपादनात समोर सरकार असतं, तिथं घासाघीस नसते, आणि तिथं झाडातून जे उत्पन्न बुडतं त्याची भरपाई असते. घरामागच्या एका लिंबाचं उत्पन्न कोण धरणार? दोन्ही गोष्टी एका तराजूत नका घालू.

वऱ्हाडी बुवा
मी काय म्हनतो, गावातल्या घराले गिऱ्हाईक कोन येते ते तं पाहा आधी. तुमचं लेआऊट वेगळं, आमचं गावठान वेगळं. गावठानातलं घर घेते तो एक तं भाऊबंद असते नाईतं बाजूचा शेजारी, त्याले त्याची भिंत पुढं सरकवाची असते. त्याले तुमच्या जास्वंदीशी काय घेनं-देनं? तो घेतल्याबरोबर घर पाडते, झाड तोडते आन् ट्रॅक्टर उभा करते. तिथं भाव जाग्याचा हाये, रस्त्याचा हाये, आन् कागदाचा हाये. आमच्या इथं ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीवर, नमुना 8 वर, आज्याचं नाव, वारस सतरा, सही कराले येक पुन्यात येक सुरतेत. असं घर तुम्ही फुलानं मढवलं तरी इसार कोन देईन? ते स्वामित्व योजनेचं ड्रोनवालं मोजमाप झालं आन् प्रॉपर्टी कार्ड हाती आलं तवापासून घराले थोडी किंमत आली, बँकवाला बी दारात उभा करते आता. बाग करा बापा, कोन नाई म्हनते, पन आधी वारसाच्या सह्या करा.

सेलूकर
बुवा, तुमचं म्हणणं गावठानापुरतं सोळा आणे मान्य. ज्या घराचा घेणारा शेजारीच आहे तिथं बाग कामाची नाही. मी बोलतोय ते तालुक्याच्या बाहेरच्या वस्तीबद्दल, जिथं मास्तर, ग्रामसेवक, नर्सबाई, रिटायर झालेले लोक घर घेतात. गेल्या काही वर्षांत गावाचं शेत भावाकडे ठेवून तालुक्याला घर करणारे पुष्कळ झाले, त्यांना चार झाडं हवीच असतात, कारण ते वाड्यातून, वावरातून आलेले असतात आणि बंद सिमेंटच्या खोलीत त्यांचा जीव घाबरतो.

इस्टिमेटवाले दादा, तुम्ही म्हणता बँक धरत नाही, खरं आहे. पण रिटायर माणूस लोन कुठं घेतो? त्याच्याकडे ग्रॅच्युइटी असते, तो रोख देतो आणि त्याला मनासारखं घर पाहिजे असतं. शिवाय घर आठ-आठ महिने विकल्याविना पडून राहतं तेव्हा मालक शेवटी भाव पाडतोच. लवकर विकलं गेलं तर तो पडलेला भाव वाचला, हा हिशोब तुमच्या फॉर्ममधे कुठं येतो?

दर्यापूरचा मास्तर
सेलूकर, तुमच्याकडं वर्धेला पाणी गोड आहे म्हणून तुम्ही असं म्हणू शकता. आम्ही खारपाण पट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्याचा मोठा भाग असा आहे की बोअर घेतली तर पाणी लागतं पण खारं. ते झाडाला घातलं की आधी पानाच्या कडा जळतात, मग मातीवर पांढरी पापडी येते, आणि काळी माती अशी घट्ट होते की पाणी वरच उभं राहतं. म्हणून आमच्याकडं मे महिन्यात कोणाच्या दारात हिरवीगार लॉन दिसली तर ती बोअरची साक्ष नाही, तो नळाच्या पाण्याचा नाहीतर टँकरचा खर्च आहे, आणि तो खर्च उद्या घेणाऱ्याच्या गळ्यात पडणार. मी तर म्हणेन अशा बागेपायी भाव कमी मागावा.

आमच्या भागात घराची किंमत वाढवायची असेल तर छताचं पाणी धरणारी मोठी टाकी बांधा. 1000 चौरस फुटाच्या स्लॅबवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी येतं, पहिला पाऊस सोडून दिला तरी टाकी भरते. ती टाकी दाखवा, गिऱ्हाईक बसून चहा घेईल. आणि बोअरच्या पाण्याची तपासणी करून कागद हातात ठेवा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचं असं भारतीय मानकात आहे. तेवढा एक आकडा कागदावर असला की बागेवरून अंदाज बांधायची गरजच नाही.

सांदवाडी
मास्तर, टाकीचा मुद्दा एकदम बरोबर, पण म्हणून बागच नको असं कसं? लॉन नकोच, ती आपल्या हवेतली नाहीच. कडुलिंब, सीताफळ, बोर, शेवगा, कण्हेर, बोगनवेल ही झाडं कमी पाण्यावर जगतात. बाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हॉटेलची हिरवळ येते तिथंच गडबड होते.

कळंबची लेक
मी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिते, आम्ही असंच बागवालं घर घेतलंय यवतमाळ जिल्ह्यात. बाग पाहूनच मन गेलं आणि मालकानं सांगितलेल्या भावात आम्ही फार ताणलं नाही, हे सेलूकर दादांच्या बाजूनं. पण आमच्या सासऱ्यांनी घर घेण्याआधी काय पाहिलं ते सांगते. दुपारी भर उन्हात गेले, मालकाला मोटर सुरू करायला लावली आणि तासभर तिथंच बसून राहिले. पहिली दहा मिनिटं पाणी सगळ्याच बोअरला येतं, नंतर धार बारीक होते का, मधेच हवा मारते का, पाणी गढूळ येतं का, ते बघायचं होतं त्यांना. मग भिंतीच्या कडेनं वाकून चालत गेले, झुडपं किती दाट आहेत ते बघायला. घोणस, मण्यार आपल्याकडं निघतेच, आणि भिंतीला लागून दाट वेल, पालापाचोळा, विटांचा ढीग असला की उंदीर येतो आणि उंदरामागं ती. मागच्या मालकानं झुडपं भिंतीपासून लांब ठेवली होती म्हणून घर आवडलं. हेच जंगल माजलेलं असतं तर एवढ्या झाडांसकट आम्ही परत फिरलो असतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला नंतर कळली. मागं सागाची झाडं आहेत, आम्हाला वाटलं आपल्या जागेत आहेत, कधीही तोडू. तसं नसतं. महाराष्ट्राच्या 1964 च्या झाडतोड कायद्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, चंदन अशी झाडं अनुसूचित आहेत, खाजगी जागेतली असली तरी परवानगी लागते. घराला मागं खोली काढायची असेल तर हे आधी लक्षात घ्या.

इस्टिमेटवाला
ताईंनी भिंतीचा विषय काढला म्हणून माझा मुख्य आक्षेप लिहितो, पैशापेक्षा मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो. आपली कापसाची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मुळे. आता घराच्या एका कोपऱ्याला रोज केळीला पाणी आणि दुसऱ्या कोपऱ्याची माती कोरडी ठाक, तर पाया एका बाजूनं उचलला जातो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग सुरू होते. मोठं झाड भिंतीजवळ असेल तर उलटं होतं, ते उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतं आणि तेवढा भाग खचतो. मी एका घरात हॉलच्या भिंतीत अशी भेग पाहिली की आत नाणं उभं सरकत होतं, बाहेर बरोबर त्याच जागी पिंपळ, तोही कोणी लावलेला नाही, पाखरानं आणलेला. त्या घराला बागेचे पैसे सोडा, भेगेचे पैसे वजा झाले.

म्हणून पायाच्या भोवती चांगला मुरूम भरून, ठोकून, त्यावर बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी किंवा कोबा करा आणि झाडं त्याच्या पलीकडे. पिंपळ, उंबर, वड कंपाउंडच्या आत नकोच. केळी न्हाणीच्या पाण्यावर ठेवायची तर ते पाणी पाइपनं लांब काढून तिथं लावा.

सेलूकर
हे मान्य, यात वादच नाही. पण दादा, हे तर बाग कशी करावी याबद्दल झालं, बाग भाव वाढवते की नाही याबद्दल नाही. चुकीच्या जागी लावलेलं झाड भाव पाडतं हे तुम्हीच सांगताय, मग योग्य जागी लावलेलं झाड भाव वाढवत नाही हे कसं?

इस्टिमेटवाला
कारण नुकसान मोजता येतं भाऊ, भेग बुजवायचं इस्टिमेट निघतं. आवडीचं इस्टिमेट मी कसं काढू? गिऱ्हाईक लवकर येतं एवढं तुमचं मी मान्य करतो. मूल्य वाढतं हे मान्य नाही.

सांदवाडी
चालेल, गिऱ्हाईक लवकर आलं तरी विकणाऱ्याचं काम झालं. आता ज्यांना येत्या वर्षभरात घर विकायचंय त्यांच्यासाठी लिहिते, कारण उगाच नर्सरीत जाऊन मोठमोठी झाडं आणतात आणि ती उन्हाळ्यात मरतात. पाऊस लागला की लावा, आधी नाही. वर्षभरात दिसण्यासारखं काही होतं ते शेवग्याचं, मोगऱ्याचं, सदाफुली, झेंडू, गवती चहा, आणि मांडव केला तर दोडके-वालाचं. आंबा, लिंबू आता लावून तुमच्या भावात काही फरक पडणार नाही, ते असतील तर फक्त वाळलेल्या फांद्या काढा, आळं करा, बुडाशी कुटार नाहीतर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भुगा टाका म्हणजे पाणी कमी लागतं. पऱ्हाटीत बोंडअळी राहते म्हणून कापसाचं वावर जवळ असेल तर बारीक केल्याशिवाय नका टाकू. कलमं कृषी विद्यापीठाच्या नाहीतर सरकारी रोपवाटिकेतून घ्या, रस्त्यावरच्या गाडीवर पेरू म्हणून काय मिळेल त्याचा भरवसा नाही. आणि पश्चिमेचा कडुलिंब कोणी काहीही म्हटलं तरी तोडू नका, त्या बाजूची खोली दुपारी किती थंड राहते हे गिऱ्हाइकाला आत नेऊन दाखवा, तेच पुरे.

दर्यापूरचा मास्तर
सांदवाडी ताई, खाऱ्या पाण्यावर यातलं काय तगेल ते वेगळं लिहा ना. माझा अनुभव असा की कडुलिंब, बोर, कण्हेर तगतात, मोगरा आणि लिंबू साफ मरतात.

वऱ्हाडी बुवा
हे सगळं ठीक हाये, माही एकच गोष्ट आयकून घ्या. बाग दाखवून घर इकता तं इसारपत्रात लिहून ठेवा का काय घरासंगं जाईन आन् काय नाई. जमिनीतलं झाड घरासंगंच जाते, पन कुंड्या, ड्रिपच्या नळ्या, पान्याची मोटर, वरची टाकी, याच्यावरूनच भांडन होते. आमच्या इथं सौदा झाला, अर्धे पैसे दिले, आन् ताबा घ्याच्या दिवशी पाह्यते तं मोटर बी नाई आन् कुंड्या बी नाई, नुसते गोल गोल डाग फरशीवर. घेनारा म्हने मी बाग पाहून भाव देल्ला, इकनारा म्हने कुंड्या माह्या बायकोच्या. पंचायत बसली तरी मिटलं नाई, मंग शेवटी मोटरीचे पैसे कापून खरेदी झाली. म्हनून येक येक वस्तू लिहा, दोघाच्या सह्या घ्या, मंगच रजिस्ट्रीची तारीख काढा.