वस्तीसाठी सामुदायिक इंटरनेट उभारायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

धागालेखक

नमस्कार. आमच्या डोंगराळ वस्तीत मोबाईलची रेंज जेमतेम मिळते, आणि ग्राहक कमी असल्यामुळे नवा टॉवर परवडत नाही, असे कंपन्यांचे म्हणणे आहे. समोरच्या उतारावरील मोठ्या गावात मात्र फायबर पोहोचले असून तेथील शाळा आपली जोडणी आमच्याबरोबर वाटून घेण्यास राजी आहे. हवाई अंतर सुमारे ५ किलोमीटर भरेल. वर्गणी आणि श्रमदानातून हे काम तडीस न्यावे, अशी आम्हा काही रहिवाशांची मनापासून इच्छा आहे. कोणती उपकरणे घ्यावीत, खर्चाची वाटणी कशी करावी आणि ज्यांनी इंटरनेट कधी वापरलेलेच नाही त्यांना कसे सामावून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी सल्ला द्यावा.

प्रतिसाद १

उपकरणांची यादी सर्वांत शेवटी करा, असे मी आग्रहाने सांगेन. जाळे कोणाच्या मालकीचे असेल, बिघाड झाल्यास कोण धावून जाईल आणि दरमहाचे पैसे कोण गोळा करील, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी ठरल्याशिवाय एकही खांब उभा करू नये. देणगीतून आलेली उपकरणे पहिल्या बिघाडानंतर धूळ खात पडतात, कारण ती दुरुस्त करणे हे कोणाचेच काम नसते.

याउलट जी जाळी टिकली, त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. स्पेनमधील कॅटलोनियात २००४ मध्ये ग्रामीण भागातून सुरू झालेल्या 'गुईफी' या जाळ्यात आज तीस हजारांहून अधिक जोडबिंदू आहेत, आणि जाळे ही सर्वांची सामाईक मालमत्ता आहे, हे तत्त्व तेथे सामील होणाऱ्या प्रत्येकाला मान्य करावे लागते. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यात २०११ मध्ये सुरू झालेल्या 'बार्न' प्रकल्पात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून विनामोबदला वाट दिली आणि गावकऱ्यांनी स्वतः चर खणून फायबर टाकले. दक्षिण आफ्रिकेतील मान्कोसी येथील 'झेंझेलेनी' ही तर रहिवाशांचीच सहकारी संस्था आहे. तेथे सौरऊर्जेवर शेजाऱ्यांचे मोबाईल चार्ज करून देण्यातूनही सुरुवातीला उत्पन्न मिळे. ही शेवटची कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण इंटरनेटची गरज अजून न पटलेल्या माणसालाही त्या खांबाचा उपयोग पहिल्याच दिवशी कळतो.

म्हणून सर्व वर्गणी खरेदीत संपवू नका. बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, तेव्हा दरमहा थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला पडली पाहिजे आणि तिचा हिशेब सर्वांना दिसेल अशा जागी लावला पाहिजे.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्यच आहे. मी तांत्रिक बाजूपुरते लिहितो. ५ किलोमीटरसाठी दोन्ही टोकांना दिशादर्शी (लहरी एकाच दिशेने सोडणारा) अँटेना असलेली ५ गिगाहर्ट्झची वायफाय उपकरणे पुरेशी होतात, मात्र समोरचे टोक नुसते नजरेला दिसणे पुरत नाही. लहरींना सरळ रेषेभोवती मोकळी जागा लागते, आणि एवढ्या अंतरावर मध्यभागी तिची त्रिज्या सुमारे ८ मीटर असते. तिच्यापैकी निदान ६० टक्के, म्हणजे जवळजवळ ५ मीटर, तरी रिकामी हवी. वाटेतली झाडे वाढणार आहेत, हे खांबाची उंची ठरवतानाच लक्षात घ्यावे.

विजेचा हिशेबही आधी कागदावर मांडा. १० वॅटचे उपकरण चोवीस तासांत २४० वॅट-तास वीज घेते, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपिअर-तास. दोन ढगाळ दिवस काढायचे असतील तर ४०, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये म्हणून ८० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल.

केबल बाहेर वापरण्याजोगी, उन्हात न तडकणारी घ्यावी आणि पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते, आत जात नाही. खांबाचे अर्थिंग अजिबात टाळू नका.

एक गोष्ट मात्र सर्वांच्या आधी तपासा. शाळेच्या इंटरनेट सेवेच्या करारात जोडणी इतरांना देण्यास मनाई असू शकते, तेव्हा सेवादात्याची लेखी परवानगी घ्या. कोणत्या लहरी विनापरवाना वापरता येतात आणि त्यांची कमाल शक्ती किती, याचे नियमही देशागणिक वेगळे असतात.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कराराचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. नवख्या लोकांविषयी कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४ मध्ये केलेल्या अंदाजानुसार तेव्हा जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटपासून दूर होते, आणि त्यांतील बहुसंख्य लोक मोबाईल इंटरनेटची सेवा पोहोचलेल्या भागांतच राहतात. त्यामुळे खांब उभा राहिला म्हणजे काम झाले, असे समजू नये. महागडे फोन, अपरिचित भाषा आणि फसवणुकीची भीती हे अडथळे त्यानंतरही उरतात.

आमच्या भागात मोठ्या वर्गांपेक्षा शेजारणीने शेजारणीला शिकवणे अधिक उपयोगी पडले. प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या कामापासून सुरुवात करू द्यावी: परगावच्या मुलीशी व्हिडिओवर बोलणे, हवामानाचा अंदाज पाहणे, दाखल्याचा अर्ज भरणे. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत शिकवावे. शिकवणाऱ्याने फोन स्वतःच्या हातात घेऊ नये. वेळ लागला तरी बोट शिकणाऱ्याचेच फिरले पाहिजे.

शिवाय एका लहान संगणकावर इंटरनेटशिवाय चालणाऱ्या मोफत प्रणालींपैकी 'किविक्स'च्या साहाय्याने विकिपीडिया आणि 'कोलिब्री'वर शालेय धडे साठवून ठेवल्यास बाहेरची जोडणी तुटली तरी वस्तीतल्या वायफायवरून ते वाचता येतात. खांबाची देखभाल शिकणाऱ्या गटात स्त्रिया सुरुवातीपासून असाव्यात, कारण बाहेरगावी कामाला जाणारी तरुण मुले शिकून निघून गेली की सगळे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते.

धागालेखक

हे सर्व मुद्दे येत्या बैठकीत मांडतो. शाळेकडून कराराची प्रत मागवली आहे. लेखी परवानगी हाती येईपर्यंत खरेदी न करता, देखभालीचा गट आणि मासिक वर्गणी यांचा मसुदा तयार करू, आणि मधल्या टेकडीवरील झाडांची उंचीही मोजून ठेवू. कोणाकडे अशा सहकारी जाळ्याच्या नियमावलीचा नमुना असल्यास येथे अवश्य द्यावा.