पाळीत कंबर धरते, लोकलने जाणाऱ्या काय करता?

रातराणी: पहिले दोन दिवस कंबर अक्षरशः तुटते, ओटीपोटात कळा आणि पार मांड्यांपर्यंत दुखतं. त्यात डोंबिवलीहून उभ्याने प्रवास, विचारूच नका. आई म्हणते सगळ्यांनाच होतं, सहन कर. तुम्ही काय करता गं?

चहाबाज: गरम पाण्याची पिशवी. मी ऑफिसात पण नेते, खुर्चीत पाठीमागे अडकवायची, लाज कसली. ओव्याचं पाणी पण पिते, त्याने गॅस जातो एवढं नक्की, कळांचं माहीत नाही 😄

मावशीबाई: अगं प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्या रसायनामुळे गर्भाशय आकसतं आणि आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्या तेच बनणं कमी करतात, म्हणून कळ सुरू होतेय वाटलं की लगेच घ्यायची, लोळायला लागल्यावर नाही, आणि काहीतरी खाऊनच. अल्सर, दमा, किडनीचं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मेफेनॅमिकबद्दल २०२३ मध्ये सरकारी अलर्ट पण आलेला, पुरळ आणि ताप आला तर गोळी बंद करून सरळ डॉक्टर गाठायचा.

रातराणी: बापरे, मी अगदी असह्य झाल्यावर घेते, ते पण उपाशीपोटी!

कडूकारलं: सहन कर वाल्यांचं मी आठ वर्षं ऐकलं, शेवटी एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो ते. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी ते असू शकतं बरं का. दुखणं वाढत चाललंय, संडासला जाताना कळ येते, पाळी नसताना पण दुखतं, यातलं काहीही असेल तर गायनॅकला दाखव.

रातराणी: शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. आईलाच सोबत नेतेय, ऐकू दे तिलाही.